टीएमबी करायचाय? आधी झोपायची जागा, मग व्हिसा, मग तिकीट

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत कोणीतरी हमखास विचारतं, "जुलैची जिनिव्हाची तिकिटं स्वस्तात मिळाली म्हणून काढून टाकली, आता टीएमबीचं काय काय करायचं ते सांगा." आता काय सांगणार, सुरुवातच उलटी झालेली असते. टीएमबी म्हणजे टूर द्यू माँ ब्लाँ, आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या डोंगररांगेला फेरी मारणारी वाट, साधारण १७० किलोमीटर, सगळा मिळून १० हजार मीटरच्या आसपास चढ आणि तेवढाच उतार, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असे तीन देश, आणि चालायला १० ते ११ दिवस. वाट तशी सरळ आहे, पाट्या भरपूर आहेत, दोर-बीर लागत नाहीत. लोक फसतात ते वाटेवर कमी आणि घरी बसून जास्त, म्हणून या लेखात निम्मी जागा घरच्या तयारीलाच दिलीये. घाईत असाल तरी पहिले चार टप्पे गाळू नका, त्यांचा क्रमही बदलू नका.

टप्पा १ : महिना आणि दिवस ठरवा

हट, म्हणजे वाटेवर जेवण आणि झोपायला खाट देणाऱ्या डोंगरातल्या मुक्कामाच्या जागा, साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उघड्या असतात, दोन्ही टोकांना चार-आठ दिवस इकडेतिकडे. जूनच्या मध्यापर्यंत शाळेची सुट्टी असते म्हणून आपल्याकडची बरीच मंडळी जूनच मागतात, पण तेव्हा वरच्या खिंडींवर बर्फ असतो, काही वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकतो. बर्फावर चालायची सवय नसेल तर जुलैचा दुसरा आठवडा ते ऑगस्टचा मध्य धरा, किंवा सरळ सप्टेंबरचा पहिला आठवडा, तेव्हा गर्दी कमी आणि हवा बऱ्यापैकी स्थिर असते, फक्त थंडी जास्त.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा टाळाच. याच वाटेवरून यूटीएमबी नावाची जगप्रसिद्ध धावण्याची शर्यत तेव्हा असते, माँ ब्लाँच्या पायथ्याच्या शामोनी या फ्रेंच गावात राहायला जागा मिळत नाही आणि मिळाली तर भाव ऐकून परत यावंसं वाटतं.

एवढी सुट्टी नसेल तर अर्धा करा, त्यात कमीपणा काही नाही. शामोनीजवळच्या लेझूशपासून (फेरी सहसा इथूनच सुरू होते) इटलीतल्या कुर्मायरपर्यंत चार दिवस चालायचं आणि कुर्मायरहून माँ ब्लाँ बोगद्यातून जाणाऱ्या बसने परत शामोनी. ११ दिवसांचा प्लॅन ८ दिवसांत कोंबण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. कोंबणारे लोक पाचव्या दिवशी गुडघा धरून बसलेले दिसतात.

टप्पा २ : रात्रींचा तक्ता करा

कागद घ्या, किंवा एक्सेल उघडा, आणि फक्त रात्री लिहा. अंतर नाही, प्रेक्षणीय स्थळं नाही, कुठल्या रात्री कुठे झोपणार एवढंच. घड्याळाच्या उलट दिशेने जाणारा नेहमीचा क्रम असा:

१. ले कोंतामीन (फ्रान्स)
२. ले शापियू किंवा थोडं पुढे मोतेची हट (फ्रान्स)
३. एलिझाबेत्ता हट (इटली)
४. कुर्मायर (इटली)
५. बोनात्ती हट (इटली)
६. ला फूली (स्वित्झर्लंड)
७. शाम्पे (स्वित्झर्लंड)
८. त्रियां (स्वित्झर्लंड)
९. त्रे-ल-शां (फ्रान्स)
१०. फ्लेजेर (फ्रान्स)
आणि अकराव्या दिवशी परत लेझूश.

याला आधीच्या दोन रात्री शामोनीत जोडा आणि नंतरची एक. आधीच्या दोन का, तर विमान उशिरा आलं, बॅग दुसऱ्या दिवशी आली, झोप झाली नाही, हे सगळं त्या दोन रात्रींत जिरतं. शिवाय विमानात नेता न येणारा गॅस वगैरे काही घ्यायचं असेल तर दुकानं शामोनीतच आहेत.

आता प्रत्येक दिवसापुढे चढाचे मीटर लिहा. ही गोष्ट आपण सह्याद्रीवाले कधीच करत नाही, आपण "किती किलोमीटर?" एवढंच विचारतो. दुसरा दिवस बघा, ले कोंतामीन ते ले शापियू, अंतर १८ किलोमीटरच आहे, पण चढ १३०० मीटरच्या आसपास आणि वर पोचल्यावर पुन्हा ९०० मीटर खाली. याउलट ला फूली ते शाम्पे १५ किलोमीटर असूनही गावागावातून जाणारी आरामाची वाट. हिशोब सोपा धरा: पाठीवर सॅक असताना तासाला ३०० मीटर चढ, आणि सपाटीवर तासाला ४ किलोमीटर. दोन्हीचे तास वेगळे काढून बेरीज करा. बेरीज ८ तासांच्या वर गेली तर तो दिवस तोडा.

तपासा: तक्त्यात एकाला लागून एक असे तीन जड दिवस आलेत का? आले असतील तर कुर्मायरला एक जादा रात्र टाका, तिथे कपडे धुता येतात, औषधाचं दुकान आहे, पाय मोकळे होतात.

टप्पा ३ : हटच्या खाटा पक्क्या करा, बाकी सगळं थांबवा

सगळ्या ट्रेकची किल्ली इथे आहे. बऱ्याच हटचं पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग आदल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला उघडतं, आणि मोक्याच्या हट, विशेषतः एलिझाबेत्ता आणि बोनात्ती, बघता बघता भरतात. म्हणजे जुलैत जायचं असेल तर दिवाळीच्या फराळासोबतच बुकिंगचं काम काढायचं. बऱ्याच हट 'माँ टूर द्यू माँ ब्लाँ' या एकाच साइटवर मिळतात, तिथे तारखा टाकल्या की कुठे किती जागा आहेत ते दिसतं. पण सगळ्या हट तिथे नाहीत, काहींची स्वतःची साइट आहे, काही ठिकाणी ईमेलच करावा लागतो. ईमेल छोटा लिहा: तारीख, माणसं किती, रात्रीचं जेवण आणि नाश्ता हवा, शाकाहारी किती. आपली चार परिच्छेदांची ओळख तिथे कोणी वाचत नाही.

बुकिंगचा क्रमसुद्धा पहिल्या रात्रीपासून लावायचा नाही. आधी जिथे पर्याय नाही त्या जागा घ्या, म्हणजे एलिझाबेत्ता, बोनात्ती, फ्लेजेरच्या आसपासची हट. मग त्या तारखांना धरून गावातल्या रात्री भरा, कारण ले कोंतामीन, कुर्मायर, शाम्पे इथे हॉटेलं, होस्टेलं असतात, काहीतरी मिळतंच.

जागा नाहीच मिळाली तर लगेच ट्रेक रद्द करू नका, या युक्त्या चालतात:

लेझूशहून शनिवारी-रविवारी निघणाऱ्यांची झुंबड असते, मंगळवार-बुधवार बघा. किंवा सुरुवातच दुसरीकडून करा, फेरी आहे ती, कुर्मायर किंवा शाम्पेहून सुरू केली तरी पूर्णच होते. बोनात्ती भरली असेल तर कुर्मायरला दोन रात्री राहा, पहिल्या दिवशी बेर्तोने आणि बोनात्ती या हटवरून चालत खाली दरीतल्या आर्नूवापर्यंत जा, तिथून उन्हाळ्यात बस मिळते, कुर्मायरला परत येऊन झोपा आणि सकाळी त्याच बसने आर्नूवाला जाऊन पुढे चाला. एलिझाबेत्ता भरली तर तिथून खाली दरीत उतरून ला व्हिसायची बस पकडून कुर्मायर गाठता येतं, दिवस मोठा होतो पण जमतो. शाम्पे आणि ला फूलीच्या दरम्यानही बस आहे, ओर्सियेर्सला बदलावी लागते. चालणाऱ्या शुद्धतावाद्यांना हे आवडत नाही, त्यांना खुशाल उघड्यावर झोपू दे.

खरं तर उघड्यावरही झोपता येईलच असं नाही. तंबूचे नियम तीन देशांत तीन आहेत, फ्रान्समध्ये ठरलेल्या जागी फक्त संध्याकाळी ७ ते सकाळी ९, इटलीच्या त्या भागात फार वरच्या उंचीवरच, आणि स्वित्झर्लंडमध्ये कॅम्पसाइटशिवाय नाहीच. "तंबू नेऊ, कुठेही टाकू" हा सह्याद्रीतला विचार तिथे चालत नाही.

पैशाचा अंदाज: डॉर्मिटरीतली खाट, रात्रीचं जेवण आणि नाश्ता मिळून ६० ते ९० युरो धरा, स्विस बाजूला त्याहून थोडं जास्त. आगाऊ किती भरायचे आणि रद्द केलं तर किती परत मिळतात हे प्रत्येक हटचं वेगळं असतं, बुक करतानाच वाचा.

तपासा: प्रत्येक रात्रीचं लेखी कन्फर्मेशन हातात आहे का, आणि त्यावर सगळ्यांची नावं आहेत का? ग्रुपचं बुकिंग केलं की बऱ्याचदा करणाऱ्याचंच नाव येतं, बाकीच्यांना व्हिसाला अडचण. हटला ईमेल करून नावं टाकून मागा.

टप्पा ४ : व्हिसा, विमा, आणि सगळ्यात शेवटी तिकीट

तिन्ही देश शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटात आहेत, त्यामुळे एकच व्हिसा लागतो आणि सीमा ओलांडताना खिंडीत एका दगडाशिवाय काही नसतं. पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा यावर गाडी अडते. नियम असा की जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे. जिनिव्हाला उतरणार म्हणून स्वित्झर्लंडकडे अर्ज करणारे बरेच आहेत, ते चूक. वरचा तक्ता मोजा, शामोनीच्या तीन धरून फ्रान्स ७, इटली ३, स्वित्झर्लंड ३, म्हणजे अर्ज फ्रान्सकडे. तुमच्या तक्त्यात दोन देशांच्या रात्री सारख्याच आल्या तरच पहिल्यांदा जिथे पाऊल टाकणार तो देश धरायचा. अर्धा ट्रेक करून पुढे रोम-व्हेनिस फिरणार असाल तर उत्तर इटलीसुद्धा येऊ शकतं, म्हणून खरंच मोजा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण एप्रिल-मेमध्ये सगळा महाराष्ट्र युरोपला निघालेला असतो आणि अपॉइंटमेंट मिळता मिळत नाहीत. जुलैसाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकून टाका. फी मोठ्यांना ९० युरो, अर्ज घेणाऱ्या सेंटरचा चार्ज वेगळा. कव्हर लेटरमध्ये तोच रात्रींचा तक्ता चिकटवा: तारीख, गाव किंवा हट, देश, बुकिंग नंबर. रोज वेगळ्या ठिकाणी झोपणारा पर्यटक बघून अधिकाऱ्याला शंका येऊ शकते, म्हणून वरती दोन ओळींत सांगा की हा पायी चालायचा ट्रेक आहे आणि मुक्काम डोंगरातल्या हटमध्ये आहेत.

व्हिसासाठी ३० हजार युरोचा मेडिकल विमा लागतोच, पण तो घेतला म्हणजे झालं असं समजू नका. पॉलिसीचं बारीक अक्षरातलं पान उघडा. ट्रेकिंग "साहसी खेळ" म्हणून वगळलंय का, उंचीची मर्यादा किती आहे (या वाटेवर सगळ्यात वर २६६५ मीटर, तेही पर्यायी वाट घेतली तर), आणि हेलिकॉप्टरने उचलायचा खर्च धरलाय का, हे तीन प्रश्न कंपनीला लेखी विचारा. फ्रान्सच्या डोंगरात सुटका सहसा फुकट होते, स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचं बिल तुमच्या नावावर येतं, आणि दरीच्या कुठल्या बाजूला पाय मुरगळेल ते आपल्या हातात नसतं.

पक्कं तिकीट व्हिसा आल्यावर, किंवा आधी घ्यायचंच तर रद्द करता येणारं.

टप्पा ५ : पायांची तयारी, आणि तीही उताराची

"हिमालयात ४ हजारावर जाऊन आलोय, हे २५०० म्हणजे काय" असं म्हणणारे हमखास दमतात. हिमालयातल्या ट्रेकमध्ये खेचर असतं, स्वयंपाकी असतो, तंबू दुसरा लावतो. इथे दहा दिवस स्वतःची सॅक स्वतःच्या पाठीवर, आणि रोज सरासरी ९००-१००० मीटर चढून तेवढंच उतरायचं. दम हा प्रश्न नाही, तो तिसऱ्या दिवशी जमतो. प्रश्न मांड्यांचा आणि गुडघ्यांचा.

निदान तीन महिने आधी सुरू करा. पुणेकरांना सिंहगड आहेच, पण आतकरवाडीतून एकदा चढून वर पिठलं-भाकरी खाऊन गाडीने खाली येणे याला सराव म्हणत नाहीत. सॅकमध्ये ८ किलो वजन, पायथ्यापासून वर, उतरून पुन्हा वर, पुन्हा उतरायचं. दोन फेऱ्यांत साधारण टीएमबीच्या एका जड दिवसाएवढं होतं. मुंबईकरांनी कळसूबाई, किंवा इमारतीचे जिने, जिने चढताना नाही तर उतरताना मोजा. आणि मुख्य म्हणजे शनिवारी केलं तर रविवारी पुन्हा करा. पाय दुखत असताना दुसऱ्या दिवशी चालणं हाच खरा सराव आहे, एक दिवसाच्या ट्रेकची आपल्याला सवय असतेच.

सावध: नवे बूट घालून जायचं नाही. कमीत कमी शंभर किलोमीटर त्याच बुटात, त्याच मोज्यांसह चाललेलं हवं. आणि साइज अर्ध्याने मोठी घ्या, उतारावर अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं ते त्यामुळेच.

टप्पा ६ : सॅक भरणे

पाण्याशिवाय ७ ते ८ किलो, बस. हटमध्ये ब्लँकेट आणि उशी मिळते, त्यामुळे स्लीपिंग बॅग नको, पण चादरीसारखं पातळ लायनर हवंच, बहुतेक हटमध्ये त्याशिवाय झोपू देत नाहीत. आईच्या जुन्या साडीचा शिवून घेतलात तरी चालतो, कॉटनपेक्षा सिल्कचा हलका पडतो.

कपडे तीन थर: अंगाला लागून घाम सुकवणारा टी-शर्ट, वर फ्लीस, सगळ्यावर खरंखुरं वॉटरप्रूफ जॅकेट. आपला पावसाळी पोंचो वाऱ्यात खिंडीवर पतंगासारखा उडतो. जीन्स नको, कॉटन नको. दोन जोड घालायचे, एक झोपायचा, रोज संध्याकाळी धुवायचं. टोपी, हातमोजे भर जुलैतही न्या, खिंडीवर वारा सुटला की बोटं वळत नाहीत. ट्रेकिंग पोल दोन, एक नाही. हेडलाइट, कानात घालायचे बोळे (डॉर्मिटरीत वीस जण घोरणारे असतात), सनस्क्रीन, गॉगल. जूनमध्ये जाणार असाल तर बर्फावर पकड यावी म्हणून बुटाला लावायचे मायक्रोस्पाइक.

फोडांसाठी चिकटपट्टी बाहेरच्या खिशात ठेवा. पायाला कुठे गरम लागायला लागलं की त्याच मिनिटाला थांबून लावायची, "पुढच्या हटवर बघू" म्हणालात की संपलं.

सॅक गाडीने पुढे पाठवायची सोय आहे, पण गाडी जिथे जाते तिथेच. एलिझाबेत्ता, बोनात्तीला ती पोचत नाही, त्या रात्रींचं सामान पाठीवरच.

टप्पा ७ : खाणं, पैसे, फोन

शाकाहारी लोकांनी घाबरू नये पण बेसावधही राहू नये. बुकिंग करताना लिहा, आदल्या दिवशी फोन करा, आणि पोचल्या पोचल्या पुन्हा सांगा. नुसतं शाकाहारी म्हटलं की मासे चालतात असं समजणारे भेटतात, म्हणून फ्रेंचमध्ये "सां व्यांद, सां प्वासों" आणि इटालियनमध्ये "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे" असं थेट सांगा, म्हणजे मांस नको, मासे नको. पुढ्यात येतं ते साधारण सूप, पास्ता किंवा पोलेंटा (मक्याच्या पिठाचा), चीज, ऑम्लेट, कधी मसूर. अंडं न खाणाऱ्यांनी ते वेगळं सांगायचं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र अवघड आहे, त्यांनी गावातले मुक्काम जास्त ठेवून स्वतः करून खाण्याची सोय बघावी.

घरून न्यायचं तर चिवडा, शेंगदाण्याची चटणी, तेलातले मेथीचे ठेपले, चिक्की, खजूर. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला तिथे बंदी आहे, त्यामुळे तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा, बॅग उघडली तर जातील कचऱ्यात. तुपातले लाडूही नकोत.

पाणी गावातल्या नळा-कारंज्यांवर भरा. "ओ पोताब्ल" म्हणजे पिण्याजोगं, मध्ये "नों" आलेलं दिसलं की पिण्याजोगं नाही. ओढा कितीही स्वच्छ दिसला तरी वरती गाई चरत असतात.

रोख युरो न्या आणि थोडे स्विस फ्रँक. बऱ्याच ठिकाणी कार्ड चालतं पण डोंगरात मशीनला रेंज नसली की नाही चालत. फोनचं बघताना एक गोष्ट नक्की तपासा, युरोपच्या बऱ्याच स्वस्त सिम-प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड नसतं, कारण तो युरोपियन युनियनमध्ये नाही. खिंड ओलांडली की डेटा बंद किंवा मोठं बिल. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा, कागदी हवा तर आयजीएन या फ्रेंच सरकारी नकाशा संस्थेचे ३६३० ओटी आणि ३५३१ ईटी हे दोन १:२५,००० प्रमाणाचे नकाशे.

टप्पा ८ : रोजचं चालणं, आणि जिथे लोक अडतात त्या जागा

सकाळी सातला नाश्ता, साडेसातला बाहेर. जुलैत नऊ वाजेपर्यंत उजेड असतो म्हणून लोक रेंगाळतात, पण उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट होतो, तेव्हा खिंड दुपारी बाराच्या आत ओलांडलेली हवी. पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते, ती थांबे न धरता, म्हणून त्यात एक तृतीयांश वाढवा. हवामान रोज संध्याकाळी हटवाल्याला विचारा, बऱ्याचदा दाराजवळ भिंतीवर कागद लावलेला असतो.

पहिला दिवस: दोन वाटा आहेत (कोल म्हणजे खिंड), कोल द व्होझावरून सोपी आणि कोल द त्रिकोवरून (२१२० मीटर) उंच. पहिल्याच दिवशी हौस नको, सोपी घ्या.

दुसरा दिवस: कोल द्यु बोनोमला (२३२९) पोचल्यावर लोकांना वाटतं झालं, आता उतार. नाही. तिथून दगडाधोंड्यातून आडवं, हळूहळू चढत क्र्वा द्यु बोनोमपर्यंत (२४७९) जायचंय, तासाच्या आसपास लागतो, आणि हाच तुकडा उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फाने भरलेला असतो. बर्फाचा पट्टा ओलांडायचा तर आधी खाली बघा, घसरलो तर कुठे थांबणार? खाली गवत असेल तर ठीक, खडक किंवा कडा असेल तर मागे फिरा. आधीच्या लोकांनी पाडलेल्या पायऱ्यांतच पाय ठेवा, बुटाच्या कडेने दोन लाथा मारून पायरी पक्की करा, पोल डोंगराच्या बाजूच्या हातात आखूड धरा. पुढे हटजवळ वाट फुटते, एक खाली ले शापियूला, दुसरी वर कोल दे फूरकडे (२६६५). धुकं किंवा ढग असेल तर फूरचा विचारसुद्धा नको.

इटलीत शिरताना कोल द ला सेन्य (२५१६) आणि बाहेर पडताना ग्रां कोल फेरे (२५३७), दोन्ही चढायला सोप्या पण वाऱ्याच्या. जॅकेट माथ्यावर पोचायच्या दहा मिनिटं आधीच घाला.

शाम्पेहून पुढे फनेत्र दार्पेत नावाची वाट (२६६५) फोटोत फार छान दिसते. मोठाल्या शिळांवरून हातपाय वापरत चढायचं असतं आणि पलीकडचा उतार तीव्र. ओल्यात, बर्फात किंवा दमलेले असताना बोवीनची वाट घ्या, गाईंच्या कुरणातून जाते, झकास आहे.

त्रे-ल-शांहून वर लोखंडी शिड्या लागतात. उभ्या आहेत, खाली मोकळं दिसतं. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी कोल दे मोंतेवरून वळसा घालायचा, शिड्या लागत नाहीत. पाऊस-गडगडाटात तर कोणीच शिड्यांवर जाऊ नये.

सावध: मेंढ्यांचा कळप दिसला की त्यात मिसळलेला मोठा पांढरा कुत्रा शोधा. तो राखणदार आहे, पाळीव नाही. पोल उगारू नका, पळू नका, शांतपणे बोलत लांबून वळसा घाला. कळपाच्या मधून जायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. कुरणांच्या कुंपणाला वीज असते, फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या.

टप्पा ९ : हटमधली संध्याकाळ

चारच्या आसपास पोचा. दारातच एक फळी किंवा रॅक असतं, तिथे बूट काढायचे, पोल उभे करायचे, आणि ठेवलेल्या सपाता घालायच्या. बूट घालून आत गेलात तर हटवाली बाई काय म्हणाली ते भाषा न येताही कळतं. मग नाव सांगा, खाट विचारा, शाकाहारी आहोत याची आठवण करा. काही ठिकाणी ढेकणांच्या भीतीने सॅक झोपायच्या खोलीत नेऊ देत नाहीत, टोपलीत लागेल तेवढंच सामान काढून घ्यायचं. गरम पाण्याच्या आंघोळीला टोकन असतं, काही मिनिटंच पाणी येतं, म्हणून साबण आधी लावून मग नळ सुरू करायचा. प्लग कमी असतात, पॉवरबँक आपली आपली.

जेवण साडेसहा-सातला, सगळ्यांना एकदमच. साडेसातला पोचलात तर उरलंसुरलं मिळेल किंवा तेही नाही. रात्री दहाला दिवे बंद, त्याआधी सकाळची सॅक भरून ठेवा. पहाटे पाचला डॉर्मिटरीत प्लास्टिकच्या पिशव्या कुरकुरवणारा माणूस सगळ्या भाषांत शिव्या खातो, आणि आपल्या ग्रुपात तो एक असतोच. कचरा हटमध्ये टाकायचा नाही, खाली गावापर्यंत आपल्याच सॅकमध्ये.

तपासा: उशीर होणार असेल किंवा पोचणारच नसाल तर हटला फोन केलात का? न सांगता गैरहजर राहिलात तर ते शोध सुरू करू शकतात, आणि तुमची खाट दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडली असती.

टप्पा १० : बिघडलं तर, आणि शेवटचा दिवस

तीव्र पाऊस, ताप, गुडघा, काहीही झालं तर वाटेवर जवळपास रोज कुठेतरी खाली रस्ता आणि बस आहे, फक्त ती कुठे आहे हे आदल्या रात्री नकाशावर बघून ठेवायचं. इमर्जन्सीला ११२ तिन्ही देशांत लागतो, स्विस बाजूला १४४ सुद्धा. हेलिकॉप्टर आलं तर दोन्ही हात वर करून इंग्रजी वायसारखं उभं राहायचं म्हणजे मदत हवीये. नुसतं हौसेने दोन्ही हात हलवू नका.

शेवटच्या दिवशी फ्लेजेरहून ब्रेवांच्या माथ्यावर (२५२५) चढलात की समोर अख्खा माँ ब्लाँ, आणि मग लेझूशपर्यंत तब्बल १५०० मीटरचा उतार, तोही दहा दिवस चाललेल्या गुडघ्यांवर. बहुतेक पडापडी इथे होण्याचं कारण हेच की मन आधीच खाली पोचलेलं असतं. पोल लांब करा, पावलं आखूड ठेवा, बेलाशा हटवर थांबून खा. गुडघा आधीच कुरकुरत असेल तर ब्रेवांहून केबल कारने सरळ शामोनीत उतरा. आणि परतीचं विमान त्याच संध्याकाळचं ठेवू नका, जिनिव्हाचा विमानतळ शामोनीहून दीड तास तरी आहे आणि उन्हाळ्यात रस्ता तुंबतो, शटलची जागाही आधी बुक करावी लागते.